रोज सोल्युशनमध्ये ठेवूनही लेन्सवर जंतू का वाढतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महिन्याला बदलायच्या सॉफ्ट लेन्स काही वर्षांपासून वापरात आहेत. रात्री न चुकता सोल्युशनमध्ये ठेवल्या जातात, तरी वर्षभरात दोनदा उजवा डोळा लाल होऊन दुखला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी लेन्समुळे जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. मग सोल्युशन नेमकं करतं काय? डबी उकळून घेतली तर चालेल का? आणि पुन्हा डोळा लाल झाला तर किती वाट पाहायची?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण घाई त्याचीच आहे. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर लेन्स त्या क्षणी काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. ‘आज रात्र काढू’, ‘उद्या रविवार आहे, सोमवारी बघू’ हे इथे चालत नाही. लेन्समुळे होणाऱ्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारा जीवाणू म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. त्याची विकरं कॉर्नियाचा मूळ पदार्थच विरघळवतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. उपचाराविना एकदोन दिवसांत तिला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक डोळे वाचतात. उशीर झाला की जखम भरते, पण मागे फूल म्हणजे पांढरा डाग राहतो, आणि तो बरोबर मध्यावर असेल तर त्याने आलेला धूसरपणा चष्म्याने जात नाही.

आता सोल्युशन. ते जंतू मारतं, पण सगळे मारत नाही. बाजारात येण्याआधी त्याची जी आंतरराष्ट्रीय मानक चाचणी होते, आयएसओ १४७२९, तिच्यात तीन जीवाणू आणि दोन बुरशा वापरतात: स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि सेराशिया, शिवाय कँडिडा आणि फ्युझेरियम. बाटलीवर सांगितलेल्या वेळात जीवाणू हजारपटीने आणि बुरशी दहापटीने घटली की सोल्युशन पास. म्हणजे दर मिलिलिटरला पाच लाख जीवाणू घालून सुरुवात केली आणि शेवटी पाचशे उरले, तरी निकाल चांगलाच म्हणायचा. बुरशीच्या बाबतीत तर पाच लाखांचे पन्नास हजार उरले तरी चालतात. पाण्यात राहणारा आणि कॉर्नियाला संसर्ग करू शकणारा अकँथअमीबा हा एकपेशी जीव या पाच जणांच्या यादीत नाहीच.

शिवाय ही चाचणी द्रवात सुटे तरंगणाऱ्या जंतूंवर होते. तुमच्या डबीत ते तसे राहत नाहीत. ते प्लास्टिकला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थाचं आवरण तयार करतात आणि त्याच्या आडोशाने वाढतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो तसाच हा थर, फक्त इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. याला बायोफिल्म म्हणतात. वरून ओतलेल्या सोल्युशनचा मारा वरच्या पदरावरच संपतो, आतल्यांपर्यंत पुरेशी मात्रा पोचत नाही. रोज रात्री या थरातून थोडे जंतू सुटतात आणि लेन्सवर जाऊन बसतात. लेन्सवर अश्रूंमधली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आधीच जमलेले असतात, त्यामुळे धरून राहायला त्यांना जागा तयारच मिळते. वापरातल्या डब्या प्रयोगशाळेत तपासल्या तर निम्म्याहून अधिक डब्यांत जंतू निघतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या डब्यांच्या मालकांना बहुतेक वेळा काहीही त्रास नसतो. त्यामुळेच ‘इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही’ हा दिलासा फसवा ठरतो.

डबीत सर्वांत जास्त बिघडवणारी सवय म्हणजे कालचं सोल्युशन तसंच ठेवून वर थोडं नवं घालणं. कालच्या द्रवातलं जंतुनाशक आधीच खर्ची पडलेलं असतं. काही लेन्सने शोषलेलं, काही मळाशी आणि जंतूंशी झुंजण्यात संपलेलं. २००५-०६ मध्ये अमेरिका, सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये लेन्स वापरणाऱ्यांत फ्युझेरियम बुरशीच्या डोळ्यांतल्या संसर्गाची साथच आली. बॉश अँड लॉम्बच्या ‘रिन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्युशनशी तिचा धागा जुळला आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. यातली शिकण्यासारखी गोष्ट ही, की बंद बाटल्यांमध्ये बुरशी नव्हती. ती वापरणाऱ्यांच्या घरात शिरली होती. सोल्युशन डबीत उरवून वाळू दिलं, वर पुन्हा ओतलं, की त्या विशिष्ट मिश्रणातलं जंतुनाशक कमी पडायचं आणि बुरशीला आसरा मिळायचा. रसायनाचा दोष होताच, पण सवयीने तो उघडा पाडला. पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, अकँथअमीबाच्या रुग्णांमुळे आणखी एका कंपनीचं सोल्युशन मागे घ्यावं लागलं.

तुम्ही सोल्युशन पुरेसं वापरता का, हे ओळखायला एक सोपा हिशेब आहे. डबीचे दोन्ही कप्पे रेषेपर्यंत भरायला पाच-सहा मिलिलिटर लागतं. चोळायला, धुवायला आणि सकाळी डबी विसळायला साधारण तेवढंच. म्हणजे दिवसाला दहा-बारा मिलिलिटर. १२० मिलिलिटरची बाटली दहा-बारा दिवसांत संपायला हवी. ती दीड-दोन महिने पुरत असेल, तर कुठेतरी काटकसर चालली आहे: एकतर वरचेवर भर घालणं, नाहीतर न धुता थेट बुडवणं. बाटली उघडल्यावर किती दिवसांत टाकायची ते वेष्टनावर असतं, बहुतेकांना ९० दिवस. त्यानंतर उरलेलं ओतून द्यायचं. बाटलीचं तोंड बोटाला, लेन्सला किंवा डबीला टेकवायचं नाही. प्रवासासाठी सोल्युशन छोट्या बाटलीत काढून नेणं तर नकोच. त्या बाटलीतच जंतू असू शकतात, आणि सोबत पत्रकही नसल्यामुळे तारखेचा पत्ता लागत नाही. प्रवासाला कंपनीचीच ६० मिलिलिटरची सीलबंद बाटली घ्यावी.

लेन्स काढताना पहिली पायरी हात. साधा साबण, मॉइश्चरायझर नसलेला, वीस सेकंद, नखांच्या आतून आणि बोटांच्या बेचक्यांतून. मग हात पूर्ण कोरडे करायचे. यात बहुतेक जण चुकतात. ओल्या बोटांवरून नळाचं पाणी लेन्सवर जातं आणि हात धुण्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो. आंघोळीचा टॉवेल नको, त्याचे धागे लेन्सला चिकटतात आणि तो स्वतःच दमट असतो. कागदी नॅपकिन किंवा रोज बदलायचा सुती रुमाल बरा. आधी कायम उजवी लेन्स, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स तळहातावर घ्या, तीन-चार थेंब सोल्युशन टाका आणि तर्जनीच्या टोकाने सरळ पुढे-मागे चोळा, गोल गोल नको, कारण कड दुमडते. एका बाजूला दहा सेकंद, उलटवून दुसऱ्या बाजूला दहा. मग सोल्युशनच्या धारेने दोन्ही बाजू पाच-पाच सेकंद धुवा. बाटलीवर ‘नो रब’ लिहिलेलं असलं तरी चोळाच. जंतूंची संख्या खाली आणण्यात रसायनापेक्षा हे चोळणं आणि धुणं जास्त काम करतं, भिजवणं हा त्यानंतरचा भाग. भिजवण्याची वेळ चार ते सहा तास असते. पंधरा मिनिटं बुडवून पुन्हा लावण्यात काही अर्थ नाही.

सकाळी लेन्स लावली की डबीचं काम सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना ऑफिसची घाई असते. जुना द्रव बेसिनमध्ये ओता. ताजं सोल्युशन घालून कप्प्याच्या आतून आणि झाकणाच्या आट्यांवरून स्वच्छ बोट फिरवा, पाच-दहा सेकंद पुरतात. बोटाला बुळबुळीत लागलं तर डबी टाकायचीच. ओतून द्या, कोऱ्या टिश्यूने आतून पुसा आणि टिश्यूवरच उपडी ठेवा, झाकणंसुद्धा वेगळी उपडी. बाथरूममध्ये ठेवू नका. तिथली हवा दमट असते आणि फ्लशचे तुषार उडतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात उपडी ठेवलेली डबी संध्याकाळपर्यंत सुकत नाही, म्हणून तिथे टिश्यूने पुसण्याची पायरी अजिबात गाळू नये. बायोफिल्म सुटतो तो घासण्या-पुसण्याने, नुसत्या विसळण्याने नाही.

डबी उकळायची का? उकळल्याने जंतू मरतात, पण प्लास्टिक वाकतं, झाकण घट्ट बसत नाही, सोल्युशन झिरपतं आणि सकाळी लेन्स सुकून कडक झालेली मिळते. उकळल्यावर गार करायला ती नळाखाली धरली, तर सगळी मेहनत पाण्यात. मोठ्या बाटलीसोबत नवी डबी बहुतेक वेळा फुकट येते. ती कपाटात जमवून जुनीच वापरत राहण्यात काय हशील? नवी डबी काढली की तळाला मार्करने तारीख लिहा. तीन महिने ही शेवटची मर्यादा, महिन्याला बदलली तर उत्तम. महिन्याची लेन्ससुद्धा पाकीट फोडल्यापासून तीस दिवसांचीच असते, तीस वेळा लावेपर्यंतची नव्हे.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं. पिण्यायोग्य म्हणजे डोळ्यात घालण्यायोग्य नव्हे. क्लोरिन घातलेल्या नळाच्या पाण्यात, गच्चीवरच्या टाकीत, टँकरच्या पाण्यात, विहिरीत, फिल्टरच्या पाण्यातसुद्धा अकँथअमीबा असू शकतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो कवच धारण करतो, आणि त्या अवस्थेत नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला दाद देत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत या अमीबाचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरी केलेलं सलाईन हे एक मोठं कारण निघालं. आपल्याकडे त्याचा भाऊबंद म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेली शिरेतून द्यायच्या सलाईनची बाटली. ती बंद असते तेव्हा निर्जंतुक असते. सुई टोचून उघडली की तिच्यात जंतूंना रोखणारं काहीच नसतं, आणि मुळात सलाईन जंतुनाशक नाहीच. ते फक्त धुण्यासाठी. लेन्स त्यात रात्रभर ठेवली म्हणजे जंतूंना वाढायला मोकळी रात्र दिली. गुलाबपाणी, त्रिफळ्याचं पाणी, मध, तूप यांपैकी काहीही लेन्सच्या डोळ्यात जाता कामा नये.

लेन्स लावून आंघोळ नको, पोहणं नको, लोणावळ्याच्या धबधब्याखाली उभं राहणं नको, रंगपंचमीही नको. पाणी गेलंच, तर बाहेर आल्यावर हात धुवून लेन्स काढायची आणि रोजची (एका दिवसापुरती) असेल तर टाकायची, महिन्याची असेल तर चोळून-धुवून पूर्ण वेळ भिजवायची. सेमी-सॉफ्ट, म्हणजे कडक लेन्स वापरणाऱ्यांना नळाखाली धुण्याची सवय पूर्वी शिकवली जायची. ती आता सोडायला हवी. केरॅटोकोनससाठी (कॉर्निया शंकूसारखी पुढे येण्याच्या आजारासाठी) स्क्लेरल, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स लावणाऱ्यांनी ती भरायला प्रत्येक वेळी नवी, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली सलाईनची छोटी कुपी फोडावी, उरलेली परत वापरू नये.

एवढे जंतू रोज लेन्सवरून डोळ्यात जातात, तर मग प्रत्येकाला संसर्ग का होत नाही? कारण निरोगी कॉर्निया सहजासहजी हार मानत नाही. अश्रूंमध्ये जंतूंशी लढणारी लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही प्रथिनं आणि प्रतिपिंडं असतात, पापणीची प्रत्येक उघडझाप पृष्ठभाग पुसून काढते आणि वरचा पेशींचा थर सतत गळून नवा येत राहतो. लेन्स या सगळ्यात मोडता घालते. तिच्याखालचे अश्रू साचून राहतात, पापणीचा हात तिथपर्यंत पोचत नाही, जुन्या पेशी गळण्याचा वेग मंदावतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती प्राणवायू हवेतून घेते, तोही लेन्समुळे आणि मिटलेल्या पापणीमुळे कमी होतो. त्यात नखाचा ओरखडा किंवा लेन्सखाली अडकलेला धुळीचा कण पडला की जंतूंना दार मिळतं.

झोपेत हे सगळं एकाच वेळी घडतं. अमेरिकेतल्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाच सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० मागे सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा अल्सर, म्हणजे संसर्गाची जखम, झाला. रात्रीही लेन्स ठेवणाऱ्यांत तो आकडा सुमारे २१ होता. पुढे सिलिकॉन हायड्रोजेल या पदार्थाच्या लेन्स आल्या, प्राणवायू भरपूर जाऊ देणाऱ्या. वाटलं, आता झोपलं तरी चालेल. २००८ साली आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पाहणीत रात्री लेन्स ठेवणाऱ्यांचा आकडा साध्या सॉफ्ट लेन्सला दर १०,००० मागे २०च्या घरात आणि सिलिकॉन हायड्रोजेलला २५च्या घरात निघाला. म्हणजे प्राणवायूचा प्रश्न सुटला, जंतूंचा राहिला. वेष्टनावर ‘रात्री चालते’ असं छापलेलं असलं तरी दुपारची डुलकी, लोकलमध्ये लागलेली झोप, लग्नघरातलं जागरण, सगळं त्यात मोजावं.

मग रोजच्या लेन्स घ्याव्यात का? परवडत असेल तर हो, आणि दोनदा त्रास झालेल्या माणसाला तर माझा तोच सल्ला. अल्सर होण्याचं प्रमाण त्यांनी फारसं घटत नाही, पण झालाच तर तो सौम्य असण्याची आणि नजर वाचण्याची शक्यता जास्त असते. डबीच नसल्यामुळे डबीतले जंतू तरी टळतात. मात्र पैसे वाचवायला रोजची लेन्स रात्री सोल्युशनमध्ये ठेवून तीन-चार दिवस वापरली, तर दोन्हीकडचे तोटे पदरात पडतात. दुसरा पर्याय म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन. ते बायोफिल्मवर नेहमीच्या सोल्युशनपेक्षा जास्त परिणाम करतं आणि प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी असणाऱ्यांनाही चालतं. त्याची उभी डबी आणि तिच्यातली प्लॅटिनमची चकती त्याच्यासोबतच यावी लागते. सहा तासांत चकती पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकते. साध्या चपट्या डबीत ते ओतून सकाळी लेन्स लावली, तर डोळ्याला जबर भाजल्यासारखं होतं. तसं झालं तर लेन्स लगेच काढून डोळा भरपूर सलाईनने धुवायचा. सलाईन हाताशी नसेल तर इथे नळाचं पाणीही चालतं, कारण रसायन बाहेर काढणं तेव्हा जास्त तातडीचं असतं. आणि एकदा पेरॉक्साइड निष्प्रभ झालं की त्या द्रवात जंतूंना रोखणारं काही उरत नाही. त्यामुळे लेन्स दिवसेंदिवस त्यात ठेवून देऊ नये.

पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन विना नंबर मिळणाऱ्या रंगीत लेन्सबद्दल एकच: नववधूने लावलेली लेन्स करवलीने फोटोपुरती लावली, तरी तो पुरेसा धोका आहे.

आता डोळा लाल झाल्यावर काय ओळखायचं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आलेली डोळ्यांची साथ आठवा. त्यात दोन्ही डोळे, एकामागून एक, लाल होतात, चिपडं येतात, चुरचुरतं, पण नजर बहुधा साफ राहते. लेन्सचा अल्सर बहुतेक वेळा एकाच डोळ्यात असतो. दुखणं टोचल्यासारखं सुरू होतं आणि लेन्स काढल्यावर थांबण्याऐवजी वाढत जातं. उजेडाकडे बघवत नाही, पाणी वाहतं, नजर धूसर होते. आरशात बुबुळाच्या काळ्या-तपकिरी भागावर पांढरा ठिपका दिसला तर शंकाच नको. कडेला छोटा ठिपका आणि कमी दुखणं, असं असेल तर तो जंतूंशिवायची दाहक प्रतिक्रियाही असू शकतो, पण हा फरक घरी आरशात कळत नाही, त्यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र, लागतं. अकँथअमीबात आधी दिसण्यासारखं फारसं नसतं आणि दुखणं मात्र असह्य असतं. त्याचा संसर्ग सुरुवातीला हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो, म्हणून कित्येकांना आठवडेच्या आठवडे विषाणूचं औषध चालू राहतं. पाण्याशी संपर्क आला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

औषधाच्या दुकानातून ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ म्हणून आणलेले थेंब हे माझ्या मते डबीइतकंच मोठं दुखणं आहे. अशा थेंबांत बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. एका दिवसात लाली उतरते, आराम वाटतो आणि आत जंतू किंवा बुरशी बिनविरोध पसरते. बाटलीवरच्या घटकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसलं, तर डोळे तपासल्याशिवाय ती बाटली उघडू नका. दुखणं थांबवायला भूल देणारे थेंब घरी वापरणंही तितकंच घातक. घरात उरलेल्या जुन्या थेंबांचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये चेन्नईतल्या एका कारखान्यातून अमेरिकेत गेलेल्या कृत्रिम अश्रूंमुळे औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची साथ आली. ८१ रुग्ण, त्यांत चार मृत्यू, कित्येकांची नजर गेली. ती गडबड बाटलीच्या आतच होती, त्यामुळे लेन्सवर थेंब घालायचेच असतील तर कुपीत येणारे एकवेळचे वापरावेत.

डॉक्टरांकडे जाताना लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली जशीच्या तशी, न धुता, झाकण लावून सोबत न्या. डोळ्यातल्या नमुन्यातून प्रयोगशाळेत जंतू उगवले नाहीत तरी डबीतून उगवू शकतात आणि औषध ठरवायला मदत होते. दवाखान्यात फ्लुरोसिनची पट्टी टेकवून निळ्या प्रकाशात पाहतात, जखम हिरवी चमकते. मोठा किंवा मध्यावरचा अल्सर असेल तर भूल देऊन कडा आणि तळ खरवडून नमुना घेतात. त्यातला थोडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ग्रॅम रंगाच्या आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या काचेवर जातो, थोडा कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी. आधीच अँटिबायोटिक घातलेलं असेल तर कल्चर कोरं येण्याची शक्यता वाढते, हाही दुकानातले थेंब टाळण्यामागचा एक हिशेब.

उपचार सुरू होतात ते कल्चरची वाट न पाहता. साधारणपणे फ्लुरोक्विनोलोन गटातल्या अँटिबायोटिकचे थेंब, किंवा रुग्णालयात तयार केलेले तीव्र थेंब: सेफाझोलिन ५ टक्के आणि टोब्रामायसिन १.४ टक्के. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांनी काही वेळा, मग दर तासाला, रात्रीसुद्धा, पहिले एक-दोन दिवस. रात्रीचा गजर लावावाच लागतो. रात्रीचे सहा-सात तास औषध बंद राहिलं तर स्यूडोमोनासला मोकळं रान मिळतं. एका वेळी एकच थेंब, कारण खालच्या पापणीत त्याहून जास्त मावत नाही. दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुवून काढतो. रुग्णालयात तयार करून घरी दिलेली बाटली फ्रीजच्या दारात नको, आतल्या कप्प्यात ठेवा आणि सांगितलेल्या दिवशी बदला. सिप्रोफ्लॉक्सासिनने जखमेवर कधी कधी पांढरे कण साचतात. तो औषधाचा साका असतो, पू नव्हे. दुखणं कमी व्हावं म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब देतात, त्यांनी जवळचं धूसर दिसतं. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही, बंद आणि उबदार जागा जंतूंना मानवते. पहिल्या दिवशी डोळा आणखी वाईट दिसू शकतो. ४८ तासांनी दुखणं कमी आणि ठिपक्याच्या कडा स्पष्ट व्हायला हव्यात. नाहीतर औषध बदलायचं की पुन्हा खरवडायचं, ते डॉक्टर ठरवतात. बुरशीला नॅटामायसिन ५ टक्के आठवडेच्या आठवडे, अकँथअमीबाला पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ०.०२ टक्के कित्येक महिने. इतका फरक असतो, म्हणून आधी निदान.

आता दोन्ही वेळा उजवाच डोळा का, हा तुमच्या प्रश्नात न विचारलेला भाग. कारणं अनेक असू शकतात: डबीचा तोच कप्पा दूषित, लेन्सच्या कडेला बारीक चीर, घट्ट बसणारी लेन्स, पापणीच्या कडेला साचलेला कोंडा. पण त्याच डोळ्यात पुन्हा त्रास आला की हर्पीसही मनात ठेवावा लागतो. पुढच्या तपासणीत भूल देणारे थेंब घालण्याआधी कापसाच्या टोकाने दोन्ही कॉर्नियाची संवेदना तपासायला सांगा. उजवीकडे ती कमी निघाली तर सगळा उपचारच वेगळा होतो.

तोवर लेन्स बंद. थेंब संपून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नवी लेन्स, नवी डबी, नवं सोल्युशन. त्या काळात वापरलेलं काजळ आणि मस्कारा फेकून द्यायचा. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच तास पुरे. आणि आजच्या नंबरचा चष्मा करून ठेवा. लेन्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांकडे तीन वर्षांपूर्वीच्या नंबरचा चष्मा असतो, म्हणून डोळा दुखत असतानाही ते लेन्स काढायला तयार होत नाहीत.